अर्ध्या पंखाचा पोपट

"कापडाची झेरॉक्स निघत न्हाई ताई!" परभणीतला झेरॉक्सवाला हसला आणि ईश्वरी ओशाळली. तिच्या हातात आईनं भरलेला उशीचा अभ्रा होता, धुवायचीही भीती वाटावी इतका विरलेला.

"निघती की... दाखवा बरं." शेजारच्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या दुकानातून एकजण बाहेर आला. शर्टाला रंगीबेरंगी दोरे चिकटलेले, आणि डोळे... डोळ्यांचं तिला गावी, ताडकळसला परतायच्या बसमध्ये बसल्यावर आठवलं.

त्याचं नाव महारुद्र. नाव एवढं दणदणीत, बोलणं मात्र मऊ!

अभ्र्यावर समोरासमोर दोन पोपट होते. लेकीच्या रुखवतात मांडायला आईनं पेन्सिलीनं काढून भरायला घेतलेले. दुपारची भांडी आवरली की आई दारात बसायची, टाके पुटपुटत मोजायची, दोरा दातानं तोडायची. ईश्वरी तिला सुई ओवून द्यायची. दुसऱ्या पोपटाचा एक पंख अर्धाच भरून झाला होता, आणि आई गेली. त्याला सहा वर्षं झाली, तरी दुपार झाली की ईश्वरीला अजून दारात बघायची सवय होती.

"फोटोवरनं रेषा काढायच्या. कोणता टाका कुठून कुठं जाणार, ते कॉम्प्युटरला सांगायचं. मग मशीन तसंच भरती," महारुद्र म्हणाला.

"आईसारखं?"

"बघतो की..."

मग दर शनिवारी गावातली शाळा सुटली की तिथं शिकवणाऱ्या ईश्वरी बाई परभणी गाठू लागल्या. कधी हिरवा दोरा निवडायला, कधी चोच बघायला. खरं तर एका फेरीत भागलं असतं! दुकानात येणाऱ्या झाडून सगळ्या बायकांना महारुद्र 'ताई' म्हणायचा. हिला मात्र नुसतं, "आलाव का?"

"एवढा वेळ का लागायलाय?" तिनं एकदा विचारलं.

"पोपट लय नाजूक हाय."

"पोपट, का तुमी?"

तो कॉम्प्युटरकडं बघत राहिला. कान मात्र लाल झाले.

चौथ्या शनिवारी त्यानं नवा अभ्रा पसरला. पोपट हुबेहूब! आणि दुसऱ्याचा अर्धा पंखही पुरा भरलेला, हिरवागार.

ईश्वरीचा चेहरा उतरला. "पंख कुणी भरायला सांगितला?"

"अर्धा होता, मला वाटलं..."

"आईचा हात तिथंच थांबलाय. पुढचं तिचं न्हाई!"

ती तडक निघाली. आईचा जुना अभ्रा त्याच्याच टेबलावर राहिला, हे बसमध्ये ध्यानात आलं, आणि ती खिडकीकडं तोंड करून रडली. आई पुन्हा एकदा हातातून निसटल्यासारखं झालं.

ताडकळसच्या बाजारादिवशी दारात मोटारसायकल थांबली.

"काका, अभ्रा द्यायचाय..." महारुद्र ओसरीवरच्या बाबांना म्हणाला. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लेकीला हाक मारून आत गेले.

कागदात जपून गुंडाळलेला जुना अभ्रा होता. त्याखाली आणखी एक नवा. यात पोपटाचा तो पंख अर्धाच भरलेला होता... पुढं नुसती बारीक धाग्याची कड, आईची पेन्सिल जिथं हलली होती तिथं तशीच हललेली. सोबत सुई आणि हिरवा दोरा.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तेवढी जागा मशीनची न्हाई, तुमची हाय."

ईश्वरीनं त्या कडेवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले. "पण मला टाका येत न्हाई. मी नुसती सुई ओवायची..."

"मी शिकवतो. कॉम्प्युटरच्या आधी हातानंच शिकलोय."

"किती दिवस लागतील?"

"तुमी म्हणाल तेवढे."

"आणि सगळ्यांना ताई म्हणता, मलाच का न्हाई?"

तो चपलांकडं बघत म्हणाला, "हे रुखवत... आमच्या घरी यावं वाटायलंय."

ईश्वरी आई बसायची त्याच जागी दारात बसली, सुई ओवली आणि त्याच्या हातात दिली.

"बाबा आत हायेत, विचारा त्यांना," ती हळूच म्हणाली. "पण आता काका म्हणू नका हं... मामा म्हणा."