दर्शनी बाजू

"निकिता, अगं बाहेर ये! बघ तरी, किती देखणं दिसायला लागलंय आपलं घर!"

आप्पांची हाक ऐकली, आणि स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पेज ढवळणाऱ्या आशाच्या काळजात कळ उठली... पन्नाशी उलटलेली आशा आप्पांची थोरली लेक. आई गेल्यावर धाकट्या मयूरला तिनेच वाढवलं, चालून आलेली स्थळं परतवली, आणि आता गुडघ्यांनी अधू झालेल्या आप्पांचं सगळं तीच करत होती. पण त्या साऱ्या वर्षांत 'बघ तरी' म्हणून तिला कुणी कधी बाहेर बोलावलं होतं?

शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीतला हा बंगला आजोबांनी साठच्या सुमारास बांधलेला. गोल बाल्कनी, सिमेंटची जाळी, शेवाळलेला खडबडीत गिलावा... कुणी हात लावला नव्हता. मयूरची बायको निकिता गेल्या वर्षी घरात आली काय, आणि तिनं दर्शनी बाजू नव्यानं करायचा ध्यास घेतला काय! गिलावा खरवडताच जोत्याचा सुंदर काळा दगड उघडा पडला आणि येणारा-जाणारा थबकून म्हणू लागला, "सून मोठी हुशार हो!"

ते शब्द आशाला निखाऱ्यासारखे भाजत. घर मी सांभाळलं, आणि कौतुक हिचं!

त्या मत्सराच्या भरातच ती आप्पांच्या कानाशी लागली. "आप्पा, पोर्चही पाडणार आहेत म्हणे... तुमची खुर्ची मागच्या खोलीत न्यायची, असं निकिता म्हणत होती."

धादांत खोटं होतं ते! आणि बाहेर जाऊन तिनं सोमनाथ मिस्त्रींना सांगितलं, "काम थांबवा. आप्पांनी नको म्हटलंय."

संध्याकाळी घरात वादळ उठलं.

"माझ्या बापाचा पोर्च पाडतेस?" आप्पा ओरडले. "मला अडगळीत टाकतेस? असला संसार वेगळा थाटा, जा!"

निकिताचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं एकदाच, क्षणभरच आशाकडे पाहिलं. "चुकलं माझं, आप्पा," एवढंच म्हणून ती आत गेली.

मयूर भडकला. सातपूरला कंपनीजवळ भाड्याची खोली बघतो, म्हणाला. आशाला वाटलं होतं, आता मन शांत होईल... पण निकिताची ती नजर रात्रभर तिच्या डोळ्यांपुढून हलेना!

सकाळी निकिता कपड्यांच्या घड्या बॅगेत ठेवत होती. आशा दारात उभी राहिली. "काम मी थांबवलं, हे तुला कळलंय?"

"मिस्त्रींनी कालच सांगितलं, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

निकिताचे डोळे भरून आले. "आप्पा माझ्यावर रागावले तर मी दुसरीकडे राहीन. पण तुमच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला, तर त्यांनी कुणाच्या हाताला धरून उठायचं, ताई?"

जिचा आपण इतका द्वेष केला, ती आपल्यासाठी घर सोडायला निघाली होती! आशा तशीच पोर्चमध्ये गेली आणि आप्पांच्या पायांशी बसली.

"आप्पा, खोटं मी बोलले! तिनं तसं काही म्हटलंच नव्हतं..."

आप्पांनी तिची हनुवटी वर केली. "का गं, आशा?"

"एकदा तरी माझं कौतुक केलंत का, आप्पा?" तिचा बांध फुटला. "एकदा तरी?"

आप्पांचा सुरकुतलेला हात तिच्या केसांवरून फिरला. "सून दुसऱ्या घरून येते, तिला गोड बोलून आपलंसं करावं लागतं, असं मला वाटायचं. तुला मी... तुला मी आपल्या हातापायांसारखं धरून चाललो, पोरी! हातापायांना कुणी शाबासकी देतं का? नाही दिली. चुकलंच माझं. आता मात्र तिला जाऊ देऊ नकोस."

आशा डोळे पुसत आत आली. निकितानं बॅग बंद केली होती. आशानं ती ओढून कपाटात सारली.

"मला माफ करशील?" तिनं कातर आवाजात विचारलं.

निकिता लहान मुलीसारखी तिच्या गळ्यात पडली.

"चल," आशा तिचे डोळे पुसत म्हणाली, "मिस्त्री सामान न्यायला फाटकाशी आलेत. काम चालू करा म्हणून मीच सांगते. आणि बाल्कनीला कुठला रंग द्यायचा म्हणत होतीस... मलाही दाखव की!"