बेताचं कोमट पाणी

त्या दिवशी आमच्या कळंब्याच्या घरात फक्त नळ दुरुस्त करायचा होता. भुताखेतांच्या गोष्टी मी रिकामटेकड्यांच्या समजते. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण अक्षरं माझी मीच शिकले आणि नळाचा पानाही माझा मीच चालवते. घडलं ते सरळ सांगते. मध्ये बोलू नका.

न्हाणीतला नळ आठ दिवस करंगळीएवढी धार सोडत होता, तीही गढूळ, तांबूस. माझ्या नातसुनेनं, संयोगितानं, सकाळीच पिशवी भरली. दोन महिन्यांचं पोर तिच्या खांद्यावर.

"आज्जी, असल्या पाण्यात माझं बाळ न्हायचं न्हाय, अन् स्वयंपाकघरातनं हंडे वाहून माझी कंबर गेली. दुपारपतूर नळ नीट झाला न्हाय तर मी कोडोलीला जातो."

"जा की! तुझ्या माहेरात गंगा वाहतीया काय?"

म्हणाले खरी, पण लगोलग प्लंबरला बोलावणं धाडलं. नवरा गेला, लेक गेला, नातू परगावी नोकरीला; घरात आम्ही दोघी न् ते पोर. सकाळी ते पोर रडतं म्हणून मी अंथरूण सोडते.

प्लंबर कृष्णात आला तोच 'टाकी धुवा, टाकी धुवा' करत.

"आरं मुडद्या, टाकी घाण असती तर स्वयंपाकघरात बी गढूळ आलं असतं. तिथं बघ, काचंगत पाणी. खोट ह्याच लाईनीत हाय."

नळाच्या तोंडाची जाळी काढून त्याच्या नाकासमोर धरली. बोटभर गाळ. धुऊन बसवली, तरी धार तेवढीच. म्हणजे गच्चीवरून भिंतीत उतरणारा जुना लोखंडी पाईप गंजून बुजलेला.

"कापून काढ त्यो. नवा घाल."

"दिस जाईल, मावशी."

"निम्मा तुझ्या बोलण्यात गेला!"

बडबडत तो गच्चीवर गेला. नळ उघडा ठेवून मी न्हाणीत पाटावर बसले. तिथं खिडकी नाही, त्यात वीज गेलेली. वर करवत चालली, थांबली. मग भिंतीच्या आत काहीतरी गुणगुणलं... तोंड मिटून कुणी पोर निजवावं तसं. पाईपात हवा अडकली की आवाज येतो, मला ठाऊक आहे. पण न्हालेल्या बाळाला देतात त्या ओवा-वेखंडाच्या धुरीचा वास कशानं येतो? आमची शेगडी अजून पेटलीसुद्धा नव्हती.

तेवढ्यात नळ सुटला. मनगटाएवढी धार, नितळ.

"संयोगिता! आण पोराला!"

पाय पसरून पोर नडग्यांवर घेतलं. रोज टाहो फोडतं, त्या दिवशी त्यानं चूं केलं नाही. संयोगितानं धारेखाली हात धरला.

"आज्जी, किती बेताचं कोमट केलंसा!"

मी काहीच केलं नव्हतं. उन्हानं पाईप तापला म्हणावं, तर बाहेर आभाळ आलेलं.

ती पोराला गुंडाळून, पिशवी रिकामी करायला हसत आत गेली. अन् दारात कृष्णात. हातात गंजलेला पाईप.

"मावशी... लाईन तर मघाच कापली. नवा पाईप अजून जोडायचाय... हे पानी कुठलं?"

"गप. पोरीच्या कानावर गेलं तर ती निघाली म्हणून समज."

त्यानं खाली मान घालून पाईप जोडला आणि चहा न घेता गेला. मीही कुणाला बोलले नाही. पोर घरात राहिलं.

काल गुडघ्यांमुळं उठायला उशीर झाला. बघते तर पोर न्हाऊन, टाळूवर तेल चेपून पाळण्यात निजलेलं. न्हाणीत धावले. सगळी फरशी ओली. मधोमध तेवढी दोन पसरलेल्या पायांची जागा कोरडी, माझ्या पायांहून हातभर लांब.

मागून संयोगिता डोळे चोळत आली.

"आज्जी, आज मी उठायच्या आदीच न्हाऊ घातलासा की..."

"व्हय," म्हणाले, आणि तिला दिसायच्या आत तांब्याभर पाणी त्या कोरड्या जागेवर ओतलं.

पाणी तिथं शिरलं नाही. दोन्ही बाजूंनी वळसा घालून मोरीकडं गेलं.