चौदावा थर

शेडची पश्चिमेकडची भिंत गेले चार दिवस बोलत होती आणि पद्मा मगदूम तिच्यासमोर खुर्ची टाकून ऐकत बसली होती. केतकी हुपरे, विद्यापीठातून आलेली संशोधक, इस्त्रीएवढं एक यंत्र चुन्यावरून हळूहळू फिरवी. यंत्रातला किरण चुन्याचा पापुद्रा जाळत जाई आणि शेजारच्या स्पीकरमधून आवाज येई. कधी हशा, कधी खोकला, कधी नुसता धडधडाट. हा धडधडाट पद्माचाच. पस्तीस वर्षं ती इथे ड्रम बडवत आली होती.

ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो. त्या काही तासांत भिंतीजवळ जे आवाज होतात, त्यांची थरथर स्फटिकांत अडकून राहते. ती वाचायची रीत केतकीच्या चमूने शोधली आणि तिला लेपश्रवण असं भारदस्त नाव दिलं. देवळांत, किल्ल्यांत त्यांना फारसं काही मिळालं नाही. चुना ओला असताना भिंतीला खेटून कोण कशाला बोंबलेल? असला उद्योग केला तो इचलकरंजीच्या ‘बोंब’वाल्यांनीच.

‘बोंब’ म्हणजे पंक संगीताचा चोरटा महोत्सव. पोस्टर नाही, तिकीट नाही, पत्ता तोंडी. तीन सूर येत असले तरी पुरे, घसा मात्र फाटला पाहिजे. पद्माचा भाऊ भरतेश याने बंद पडलेल्या यंत्रमागाच्या या शेडमध्ये शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी तो सुरू केला. मालक म्हणाला होता, शेड फुकट वापरा, पण वर्षातून एकदा चुना तुम्ही मारायचा. मग त्याचीच रीत पडली. सकाळी सगळ्यांनी मिळून चुना मारायचा आणि तो वाळायच्या आत वाजवायला लागायचं. पाठ पांढरी झाल्याशिवाय गडी ‘बोंब’ला आला होता असं कुणी मानत नसे.

दुसरी रीत भरतेशचीच, रेकॉर्डिंग करायचं नाही. आले की फोन दारातल्या पोत्यात टाकायचे. पोतं दिलावर सांभाळी आणि तोच बास गिटारही वाजवी.

चौदाव्या वर्षी पोलिसांची धाड पडली. एकोणीस जण कोठडीत गेले, वाद्यं फुटली, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आले. एरवी चाळीस टाळकी जमायची मारामार, पुढच्या वर्षी चारशे आली. पण पोलिसांना फोन केला कुणी? फोन सगळे पोत्यात आणि पोतं दिलावरच्या ताब्यात. झालं, ठरलं! भरतेशने माईकवर जाहीर केलं की यापुढे महोत्सवाची पहिली बोंब दिलावरच्या नावानं. तेव्हापासून दर वर्षी चारशे जण तोंडावर हात मारून त्याच्या नावानं बोंब ठोकत आणि पहिला ठोका पद्मा देई. हे शेडपुरतं राहिलं नाही. त्याच्या मुलीच्या शाळेतली पोरंही तिच्या तोंडासमोर बोंब मारायची. ती शिकायला म्हणून हुबळीला गेली, ती परत गावात आली नाही.

भरतेश सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्याच नियमामुळे त्याच्या आवाजाची एक फीतसुद्धा मागे राहिली नव्हती. विद्यापीठाला ‘बोंब’चा इतिहास लिहायचा होता, पद्माला इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं. दादाचा आवाज एकदा कानावर पडावा, एवढ्यासाठी तिने मालकाच्या हातापाया पडून परवानगी मिळवली होती. वरच्या थरांत तो अजून सापडला नव्हता.

उद्या छत्तिसावी ‘बोंब’. आज दुपारी केतकीने चौदाव्या वर्षाच्या थरावर यंत्र फिरवलं. आधी बादल्यांचा आवाज आला, मग ब्रशांचा, आणि मग भरतेश, भिंतीच्या अगदी जवळ, दबक्या आवाजात.

“हां साहेब, सूतगिरणीमागची शेड. चारच्या सुमाराला या. माझं नाव कशाला पाहिजे? येताना पेपरवाले आणलेत तर बरं.”

पद्माने पुन्हा लावायला सांगितलं. तीन वेळा ऐकलं. ज्या आवाजासाठी ती तळमळत होती, तोच होता.

केतकीचा चेहरा पडला होता. ती म्हणाली की वाचलेला थर जळून जातो, त्यामुळे भिंतीवर आता यातलं काही उरलेलं नाही. जे आहे ते या यंत्रात.

“पद्माताई, हा तुकडा इतिहासात घ्यायचा की नाही, ते तुम्हीच सांगा. तुम्ही नको म्हणालात तर मी पुसते.”

खोटं कशाला सांगा, पद्माच्या मनात पुसायचंच आलं. दादा गेला, आता त्याच्या नावाला काळं कशाला? अर्धा तास ती तशीच बसून राहिली. मग तिने तो तुकडा आपल्या फोनवर घेतला आणि चालत दिलावरच्या दुकानी गेली. बावीस वर्षांत त्या गल्लीत तिने पाऊल टाकलं नव्हतं.

दिलावर शिलाई मशिनं दुरुस्त करी. तिला पाहून तो उठला नाही, पण स्टूल पुढे सरकवलं. तिने फोनवरचा तो तुकडा लावला. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली. त्याला नवल वाटलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. फोन त्यानेच पोत्यातून काढून दिला होता म्हणे. आईची तब्येत विचारायची आहे, असं भरतेशने सांगितलं होतं.

पद्मा रडायला लागली. उद्या सगळ्यांसमोर हे लावते, म्हणाली, दादाची लाज राखणार नाही. आता पुरावा आहे, आता कुणी नाही म्हणू शकणार नाही.

दिलावरने स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलला.

“सुटून आलो त्याच रात्री तुझ्या दारात उभा राहून हेच सांगितलं होतं मी. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. तू जाळीचं दार लावून घेतलंस,” तो म्हणाला. “आज चुना बोलला आणि तुला लगेच पटलं. तेरा वर्षं तुझ्या शेजारी उभा राहून वाजवत होतो गं मी. माझं का नाही पटलं?”