वाऱ्याने साठवलेला बर्फ

फेब्रुवारीतही शारजाजवळच्या अल क्वोजच्या गोदामांच्या गल्लीत घाम फुटत होता. आपल्या छोट्या दुकानात मिहिका बर्फावर घसरायच्या स्कीला इस्त्रीने मेण लावत होती. एक उंचसा तरुण जुन्या स्कीची जोडी सांभाळत आत शिरला.

"मॅडम, ये ठीक हो जायेगा?"

"मराठीत बोला. बॅगेवर नाशिकच्या ट्रेकिंग क्लबचं नाव आहे."

तो हसला. गालावर खळी पडली... मिहिकाने नजर वळवली.

त्याचं नाव चारुदत्त. फुजैराच्या बंदरावर जहाजांत इंधन भरायच्या कामावर सुपरवायझर. आठ दिवसांनी मित्राबरोबर, नीरवबरोबर, तो जॉर्जियाला निघाला होता. वर नेणारी लिफ्ट नाही, स्की लावून पायांनीच डोंगर चढायचा आणि घसरत उतरायचं.

"बीकन घेतलंत? बर्फाखाली गाडलेल्या माणसाला शोधायचं यंत्र?"

"कशाला? डोंगर लहानसा आहे. सुटला तर किती बर्फ सुटणार?"

मिहिकाचा हात थांबला. "माझा गुडघा लहानशानेच मोडला. जेमतेम या दुकानाएवढा बर्फ होता. पण खाली घळ होती... तिच्यात नेऊन टाकलं."

दोन वर्षं ती स्कीवर उभी राहिली नव्हती. शारजात वाढलेल्या या मुलीला बर्फाचं वेड कुठून लागलं, ते आईलाही कळलं नव्हतं. आता ती फक्त दुसऱ्यांच्या स्की दुरुस्त करायची.

चारुदत्तने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "शिकवाल मला?"

शनिवारी ती त्याला उम्म अल कुवैनपलीकडच्या वाळूच्या टेकड्यांवर घेऊन गेली. वायव्येचा शमाल वारा सुटला होता.

"बघा, वारा इकडून वाळू उचलतो आणि माथा ओलांडला की पलीकडे टाकतो. बर्फाचंही तसंच. वाऱ्याआडच्या अंगाला जाड लादी साठते. सगळ्यात गुळगुळीत, देखणा उतार तोच... आणि फसवाही तोच."

"देखणं ते सगळं फसवंच का?"

"लक्ष द्या!" ती म्हणाली खरी — पण कान तापले होते.

तिने वाळूत बीकन पुरलं, त्याने शोधलं. आधी अकरा मिनिटं, मग सहा, मग चार. उतरताना तिचा गुडघा लचकला. त्याने हात पुढे केला. गाडीपर्यंत तो सोडायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. परतीच्या वाटेवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

आणि तो गेला.

मिहिका रोज तिथल्या हवामानाचं पान उघडून बसायची. तिसऱ्या दिवशी वायव्येचा जोरदार वारा दिसला. त्याच सकाळी चारुदत्तने फोटो पाठवला. पांढराशुभ्र, गुबगुबीत उतार. "इथून वर जातोय. कसा आहे?"

तिने लगेच लिहिलं, "नको! वाऱ्याने साठवलेला बर्फ आहे. खाली घळ आहे. परत फिर."

मेसेजला एकच टिक. फोन लागेना. एक तास... दोन... तीन. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या, तिला थोरली बहीण मानणाऱ्या अन्वरने चहा आणून ठेवला. "सब ठीक होगा बाजी, इन्शाल्ला." चहा तसाच गार झाला.

दुपारी साडेबाराला फोन वाजला.

"मिहिका..."

"कुठे आहेस तू?"

"खाली, गावात. नीरवही. मेसेज आत्ता मिळाला."

"मग?"

"दोन पावलं टाकली आणि उतार ढोलासारखा वाजला. स्कीच्या टोकापासून तडा पळत गेला. तुझं बोलणं आठवलं. एकेक करून मागे आलो... आम्ही बाजूला झालो आणि लादी सुटली. छोटीशीच. पण अख्खी घळ भरली गं."

मिहिका तिथेच जमिनीवर बसली. डोळे भरून वाहू लागले.

"रागावलीस?"

"हो. तू तिथे आणि मी इथे, म्हणून. तीन तास मी... मला नाही राहवत तुझ्याशिवाय. बस्, खलास. सांगून टाकलं."

मग तो म्हणाला, "वर चढताना सारखं वाटत होतं, हे सगळं तू बघायला हवंस. मिहिका, गुरुवारी चारला विमान उतरतं. येशील?"

"नाही. दुकान कोण बघणार?"

"बरं..."

मिहिकाने डोळे पुसले.

"टर्मिनल कुठलं?" तिने विचारलं.

"न येणाऱ्यांना कशाला हवं टर्मिनल?"

"सांग ना रे..."