बोथट टोकाची गोगलगाय

इंजिनिअरसाहेबांनी गोगलगायींची बशी टेबलावर आदळली. अर्धं पाणी सांडलं.

"नदीत या दुर्मिळ जातीची एकही गोगलगाय उरली नाही, म्हणून गाळ उपसायची परवानगी मिळाली. यंत्र आलं आणि पुलाखाली या हजर. मी स्वतः वेचल्यात. कुणीतरी आणून टाकल्यात. सिद्ध करा, उद्या यंत्र उतरवतो."

खासगी तपास करणाऱ्या बाईंना सगळे आत्या म्हणत. खऱ्या आत्या त्या सोबतच्या भाच्याच्या.

भाच्याने बशीत बोटं घातली. "छान टोकदार आहेत की. ही एवढी झिजकी." त्याने ती बाजूला सारली.

"राहू दे तिला तिथेच," आत्या म्हणाल्या.

पुलाजवळचा मच्छीमार जाळं सांधत होता. "गाळ उपसला की माझे मासे गेले, म्हणून संशय माझ्यावर? घ्या झडती." खिडकीत त्याच्या वडिलांनी नदीतून वेचलेले रिकामे शंख होते. एकालाही धड टोक नव्हतं.

"हाच तो," बाहेर येताच भाचा पुटपुटला.

"तुला पहिला भेटेल तो चोर. चल मुकाट्याने."

याच जातीच्या गोगलगायी जोपासणाऱ्या प्रयोगशाळेत संशोधिका काचेच्या टाकीत खडूची पूड सोडत होत्या. "शंख मजबूत होतो. नदीतून आणलेल्या केव्हाच मेल्या. या सगळ्या इथेच जन्मल्यात." बोलताना त्यांचा आवाज हळवा झाला.

संध्याकाळी आत्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं.

"नदीचं पाणी शंखाचं टोक हळूहळू खातं. मच्छीमाराचे शंख आठवा. टाकीत खडू मिळतो, टोक शाबूत राहतं. बशीतल्या टोकदार गोगलगायी टाकीतून आल्यात."

संशोधिकेचा चेहरा उतरला. "मीच सोडल्या. तेवढीच जागा उरलीय हो त्यांना. दुसरं काही सुचेना."

"म्हणजे मी मोकळा." साहेब उठले.

"बसा. ही झिजकी राहिली. टाकीत अशी एकही नाही. साहेब, हीसुद्धा तुम्हीच वेचलीत ना?"

साहेब खाली बसले. बशीतली गोगलगाय शंखाबाहेर येऊन सावकाश सरकू लागली.

"तुम्ही उगाच खोटं केलंत, बाई. नदीत ती होतीच," आत्या म्हणाल्या.

संशोधिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी शोधणंच सोडलं होतं."

साहेबांनी फोन लावून यंत्र परत न्यायला सांगितलं. मग दोन्ही हातांनी, थेंबही न सांडता, बशी उचलली.

"चला बाई. हिचा दगड कुठला, ते मला माहीत आहे."