रेघ अजून चढते, उतरते

जसं ऐकलं, तसंच सांगतेय. पदरचं काही घातलेलं नाही.

मनस्वी माझी आतेबहीण. रत्नागिरीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार होता. संध्याकाळची वेळ. सुट्टीमुळे कॉलेजात दुसरं कुणी नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ संदेश हर्ण्याला असतो, मासेमारीच्या बोटीवर. त्या आठवड्यात जाळं सोडवताना शिंगाळा माशाचा काटा त्याच्या तळहातात घुसला. हात सुजला. मग जखम पिकून जंतूंचं विष अंगभर पसरलं. त्याला रत्नागिरीत आणून आयसीयूत ठेवलं, पण औषध लागू पडेना.

"कुठलं औषध चालेल, याचा रिपोर्ट यायला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले. "तेवढा वेळ ह्यांच्याकडे आहे की नाही... सांगता येत नाही."

मनस्वीच्या लॅबमध्ये एक यंत्र आहे. त्यात केसाहून पातळ अशी एक पट्टी. तिच्यावर जिवंत जंतू ठेवले की त्यांच्या हालचालीने ती थरथरते. किती? केसाच्या जाडीचे लाख भाग करा, त्यातल्या एका भागाइतकी. पट्टीवर लेसरचा किरण सोडतात. परतणारा किरण जेवढा सरकेल, तेवढी पडद्यावर रेघ हलते.

जंतू मेले की रेघ सरळ.

डॉक्टरांच्या हातापाया पडून मनस्वीने जखमेतला पू मागून आणला.

पहिलं औषध सोडलं. रेघ थरथरतच राहिली.

दुसरं. तेच.

तिसरं सोडलं... आणि थोड्या वेळाने रेघ सरळ झाली.

तिने लगेच फोन लावून औषधाचं नाव सांगितलं. "डॉक्टर, हेच चालू करा. दाखवायला कागद नाही माझ्याकडे. पण माझा भाऊ आहे तो."



"करतो," ते म्हणाले.

मनस्वीने खुर्चीत डोळे मिटले. उघडले तेव्हा...

रेघ हलत होती.

जंतूंची थरथर वेडीवाकडी असते. ही तशी नव्हती. चढायची. थांबायची. हळूच उतरायची. पुन्हा चढायची.

तिने एसी बंद केला. पंखा बंद केला. यंत्राचं टेबल हवेच्या उशीवर असतं, खालून ट्रक गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. जंतू तर मेलेले.

तरी रेघ चढत होती... उतरत होती.

असा तर श्वास चालतो, तिच्या मनात आलं. तिने भावजयीला फोन लावला. वैष्णवी संदेशच्या उशाशी होती.

"वैष्णवी, त्याच्या छातीकडे बघ. श्वास घेतला की सांग, सोडला की सांग. आत्ता काही विचारू नको."

"घेतला... सोडला... घेतला..."

शब्दाशब्दाला रेघ चढली, उतरली.

मध्येच रेघ उसळली. आणि मग फोनमध्ये संदेशचा खोकला ऐकू आला.



"सोडला..." वैष्णवी म्हणाली. आणि थांबली. "वन्सं, हे श्वास घेत नाहीत. वन्सं..."

धावपळीचे आवाज. नर्सची हाक. वैष्णवीच्या हातात फोन तसाच.

मनस्वीने पडद्याकडे पाहिलं.

रेघ चालूच होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. "डॉक्टर मान हलवतायत, वन्सं," वैष्णवीचा आवाज फुटला.

"त्यांच्या कानाला फोन लाव." मनस्वी उठून उभी राहिली होती. "डॉक्टर, तो आहे. मला इथे दिसतोय. पाया पडते तुमच्या, हात थांबवू नका."

डॉक्टरांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी पुन्हा छाती दाबायला घेतली.

बऱ्याच वेळाने वैष्णवी रडत म्हणाली, "आले. श्वास आला ह्यांचा."

मनस्वी खुर्चीत बसली आणि हमसून रडली. फोनमध्ये श्वास ऐकू येत होता... भरभर, धाप लागल्यासारखा.

तिने मान वर केली.

पडद्यावरची रेघ संथ होती.

फोनमध्ये खोकला आला. रेघ उसळली नाही.

संदेश बरा झाला. आता हर्ण्याला घरीच असतो. जेवतो, झोपतो, विचारलं तर उत्तर देतो. पण समुद्राकडे पाठ करून बसतो. ताटात मासळी आली की ताट सरकवतो. आणि जन्मभर मनस्वीला 'तायडे' म्हणणारा हा माणूस आता तिला नावाने हाक मारतो.

वैष्णवीने एकदाच विचारलं, स्वयंपाकघराचं दार लोटून. "वन्सं, त्या मशीनवरचं... बंद झालं ना?"

"झालं," मनस्वी म्हणाली.

झालेलं नाही.

मागच्या महिन्यात मी लॅबमध्ये गेले तेव्हा तिने मला दाखवलं. काचेच्या पेटीत तीच पट्टी, केव्हाच वाळून गेलेली. त्या पट्टीला मनस्वी कुणाला हात लावू देत नाही. पडद्यावर रेघ... चढते, थांबते, उतरते.

मनस्वी काचेजवळ वाकली.

"संदेश," ती हळू म्हणाली.

रेघ एकदम भरभर चढू-उतरू लागली. पाण्यातून डोकं वर काढलेला माणूस श्वास घेतो ना... तशी.

मनस्वीने माझा हात घट्ट धरला.

"ह्याला घरी कसं न्यायचं, तू सांग," ती म्हणाली.