वेचणीला आलेली माणसं

सून कामाची आहे की नाही, हे तिच्या नखांवरून कळतं, असं बनुबाईंचं मत होतं. पंकजाच्या नखांत माती कधी दिसली नाही; दिसली ती निळी शाई. रानात कापसाची पऱ्हाटी फुटायला आलेली, आणि ही बया पाठीला दप्तर अडकवून सकाळच्या एसटीनं शेवगावला निघायची. कॉलेजात शिकते काय, तर अमेरिकेचा इतिहास!

"अमेरिकेनं कधी आपल्या घरची चौकशी केलीय का?" बनुबाई चुलीपुढून म्हणायच्या. "मंग आपुन कशाला तिची उठाठेव करायची?"

बनुबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती. पण नवरा गेल्यावर भावकीला त्यांनी बांध रेटू दिला नव्हता. लेक गोरक्ष टेम्पोवर असायचा, आठवड्यातून एखादी चक्कर घरी. बाकी घरात सासू-सून दोघीच. भूतखेत ही कामचुकार माणसांची सबब, असं त्या चारचौघीत सांगायच्या.

पंकजाला मोठ्यानं वाचल्याशिवाय ध्यानात राहत नसे. संध्याकाळी बनुबाई भाकरी थापत, तेव्हा तिचं वाचन चाले आणि नको नको म्हणत त्यांच्या कानावर पडे. तिकडेही काळी रानं होती. जहाजांत कोंबून आणलेली, विकत घेतलेली माणसं होती. मालक ठेवील तेच त्यांचं नाव.

"आन काय करायची ती मानसं?"

"कापूस वेचायची, आत्याबाई. उजाडायच्या आधी आपापल्या ओळीची पात धरायची, ती मालक थांब म्हणेपर्यंत."

कापूस म्हटल्यावर बनुबाईंचा हात जरा थांबला. "मंग त्यांचे पितर कोन घालतं?"

"खरं नावच कुणाला ठाऊक नाही. कोण घालणार?"

सर्वपित्रीला गोठ्याच्या पत्र्यावर घास ठेवायचे. सासऱ्याचा, सासूचा, नवऱ्याचा, नाव घेऊन एकेक. शेवटचा घास ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी. तो ठेवताना पंकजा हळूच म्हणाली, "आत्याबाई, त्या कापसाच्या लोकांनापण धरायचं का यात?"

बनुबाई आधीच तापलेल्या होत्या. दसरा झाला की अर्धं गाव ऊस तोडायला जाणार, वेचणीला बाई मिळणार नाही, आणि हिला अमेरिकेचा पुळका.

"बोलाव की!" त्या आभाळाकडं तोंड करून ओरडल्या. "या म्हणावं! बनुबाईच्या दारातून कोनी उपाशी जात न्हाई. पोटभर जेवा, आन जेवल्यावर माझा कापूस वेचायला या!"

पंकजाचा चेहरा उतरला. पितरांना जेवू घालून वाटेला लावायचं असतं, त्यांना काम सांगायचं नसतं. तिला हे बनुबाईंनीच शिकवलं होतं.

नवऱ्याच्या घासाला कावळा बराच वेळ शिवला नाही. शेवटच्या घासावरून मात्र बनुबाईंनी हात उचललाही नव्हता, तोच बोटांमधून चोच आली.

दसरा झाला. टोळ्या कारखान्यांकडं गेल्या. एका दुपारी बनुबाई रानात गेल्या, तर खालचं वावर वेचलेलं. बांधावर कापसाचा ढीग. त्यात पाला नाही, काडी नाही, एक किडकी, पिवळी कवडी नाही. असा निर्मळ कापूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आधी त्यांना चोराचा संशय आला. पण चोर कापूस घेऊन जातो, रचून ठेवून जात नाही.

त्यांनी गाठोडी बांधून तो घरी आणला आणि पडवीच्या खोलीत ओतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढीग. मग रोजच. बनुबाईंनी कुणाला विचारलं नाही. फुकट आलेल्याची चौकशी कोण करतं?

शेजारच्या रानातला कारभारी बांधावर भेटला.

"काकू, गडी कुठून आनले?"

"कोनते?"

"आता घ्या! भर उन्हात तुमच्या वावरात आसत्यात ते. बायाबाप्ये समदे. लई शिस्तीचे हो. मी रामराम घातला, एकानं बी मान वर केली न्हाई." तो घुटमळला. "पानी तरी पाजत जा त्यांना, काकू."

"बाहेरगावचे हायेत," बनुबाई म्हणाल्या. खोटं इतकं तयार होऊन बाहेर आलं, की त्यांच्या त्याच दचकल्या.

पंकजाच्या पेपराच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं. वरचं अर्धं रान अजून पांढरंफेक होतं.

"चल रानात."

"आत्याबाई, उद्या पेपर आहे माझा."

"पेपर पुढल्या वर्षी बी येतो. भिजला कापूस पुढल्या वर्षी यायचा न्हाई. उद्या बी रानातच यायचं. चल."

दुपारची वेळ. वाऱ्याची झुळूक नाही. बांधावर आल्या आणि दोघी थांबल्या.

पऱ्हाटी हलत होती. सगळी नव्हे. ठरावीक तासांमधली, सऱ्यांमधली, एका ओळीत, एका चालीनं पुढं पुढं. जिथं हले तिथलं पांढरं जाई आणि मागं नुसती तपकिरी बोंडं राहत. वाळल्या बोंडांची बारीक टकटक. आणि मिटल्या ओठांतून यावी तशी गुणगुण, बायकांची, पुरुषांची. घामाचा वास होता, पण घाम असलेलं कुणी नव्हतं.

"त्यांना सुट्टी द्या, आत्याबाई," पंकजा कुजबुजली.

मालकिणीनं बांधावरून हाळी दिल्याशिवाय पात सोडायची नाही, ही इथली रीत. ती हाळी बनुबाई वर्षानुवर्षं देत आल्या होत्या.

"अर्धं रान ऱ्हायलंय."

"तुम्ही बोलावलंय त्यांना. तुम्ही म्हटल्याशिवाय ते थांबायचे नाहीत."

"मंग आज समदं निघू दे. मंग देते सुट्टी."

पंकजानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "मलाही वेचायलाच आणलंय ना तुम्ही." पदर खोचून ती रिकाम्या तासात उतरली.

आधी तिचे हात चुकत होते. मग चुकेनात. मग ते त्याच चालीनं पडायला लागले.

"पंकजे, बास. ये इकडं."

तिनं मान वर केली नाही.

"पंकजे!"

बोंडांच्या टोकांनी तिची बोटं फाटली होती. कापसाला लाल लागत होतं. हात मागं येत नव्हता.

बनुबाई आत शिरल्या. तिचा दंड धरला. दंड लाकडासारखा होता आणि त्यांना ओढत पुढं चालला. दोन्ही बाजूंची पऱ्हाटी जराशी कलली, नव्या माणसाला जागा करून द्यावी तशी. पंकजाच्या मिटल्या ओठांतून गुणगुण येत होती.

बनुबाई धडपडत बांधावर आल्या.

समोर अर्धं रान पांढरं होतं. ते त्यांनी एकदा डोळे भरून पाहिलं.

"सुट्टी!" त्या ओरडल्या. "सुट्टी करा गं! चला घरी!"

सगळं थांबलं.

पंकजा तासातच खाली बसली. फाटलेली बोटं पदरात धरून म्हणाली, "तुम्ही कुणाला हाका मारत होता?"

"तुला."

"नाव ऐकू येत होतं. माझं आहे असं वाटेना."

बनुबाईंनी तिचा हात धरला आणि घरची वाट धरली. मागं फुफाट्यात खूप पावलं वाजत होती, अनवाणी, सावकाश. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि वळून पाहिलं नाही. दार लावायच्या आत पाऊस आला. रानातला कापूस भिजला.

सकाळी गोरक्ष टेम्पो घेऊन आला, पडवीतला कापूस बाजाराला न्यायला. तो भरायच्या आधी बनुबाई एकट्याच खोलीत गेल्या. ढीग आढ्याला टेकला होता. त्याच्यावर खळगे पडले होते. लांबट, कुशीवर वळलेले, एकाला लागून एक. त्यांनी एका खळग्यात हात घातला. ऊब होती. शेजारच्या मोठ्या खळग्याला चिकटून एक लहान होता, हातभर लांबीचा.

त्या बाहेर आल्या. पंकजा बोटांना चिंध्या बांधून, साडी न बदलता, रानात जायच्या तयारीनं दारात उभी होती. दप्तर खुंटीला होतं. बनुबाईंनी ते काढून तिच्या हातात दिलं.

"गोरक्षाला म्हनावं, टेम्पो रिकामाच ने आन मला कॉलेजात सोड. औंदा कापूस इकायचा न्हाई."

"सगळाच, आत्याबाई?"

"समदा. रानाच्या कामाची तू न्हाईसच, पंकजे. जा, पेपर दे तुझा. आन पडवीचं ते दार हळू लाव. लई दमून झोपलीत."